बॉबलिंगेनच्या कण्या

आई माझ्याकडे जर्मनीत आली तेव्हा तिचं वजन बेचाळीस किलो होतं. तीन आठवडे माझ्या हातचं खाऊन ते एकेचाळीस झालं. म्हणजे मी तिला इतक्या लांब आणून काय दिवे लावले, ते काट्यावरच दिसत होतं.

दीड वर्षापूर्वी बाबा गेले आणि सिल्लोडकडच्या आमच्या तालुक्याच्या गावी आई एकटी राहू लागली. फोनवर ती फक्त तोंड दाखवायची. तोंड बरं दिसायचं. मग एकदा शेजारच्या काकूंनी मला परस्पर फोन केला आणि म्हणाल्या, अगं, तुझी आई चूल पेटवत नाही, चहावर जगते. मी तिला तीन महिन्यांच्या व्हिसावर इथे बॉबलिंगेनला घेऊन आले. मी इथे गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते, एकटी राहते, दोन खोल्यांचं घर आहे. म्हटलं, समोर बसवून खाऊ घालीन, महिनाभरात गुबगुबीत करून टाकीन. कप्पाळ माझं.

आमच्या डॉक्टरीण बाई सरळ बोलतात. रक्त तपासलं, पोट तपासलं, फोटो काढले. कुठेही काही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, हिला खायला हवं, बस. दर गुरुवारी वजन करायला आणा. काटा चाळीसच्या खाली गेला तर मी हिला क्रांकनहाउसला, म्हणजे इस्पितळात, पाठवणार. हे सगळं जर्मनमध्ये चाललं होतं आणि आई शेजारी पर्स मांडीवर धरून हसऱ्या तोंडाने बसली होती. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हणाल्या गं?" मी म्हटलं, "म्हणाल्या, नीट जेवत जा." ती म्हणाली, "जेवते की."

जेवते की! दोन घास. तिसरा घास ताटाच्या कडेला सरकवायचा आणि तो कोणाला दिसू नये म्हणून त्यावर पोळीचा तुकडा ठेवायचा. मी काय काय केलं नाही? वरणभात केला, मेतकूट-तूप-भात केला, श्टुटगार्टहून ज्वारीचं पीठ आणून भाकऱ्या थापल्या, भोपळ्याचं सूप केलं. सगळ्याला एकच उत्तर, "छान झालंय, पण पोट भरलं." माझ्या नाकावर राग असतो, हे मला माहीत आहे. ऑफिसात मी मीटिंगला उभी राहिले की लोक आधीच कागद आवरून बसतात. पण आईवर ओरडायचं नाही असं ठरवून मी तिला आणलं होतं. चौथ्या दिवशी ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन पुन्हा विचारलं, "अजून थोडा भात वाढू?"

आमच्या वस्तीच्या पलीकडे मक्याची शेतं आहेत. सप्टेंबर होता, मका डोक्यावर गेला होता. एका संध्याकाळी फिरायला नेलं तर आई रस्ता सोडून सरळ शेतात शिरली. एक कणीस धरलं, पाती सोलली आणि दाण्यात नख खुपसलं. "चीक आहे अजून," ती म्हणाली. मी इकडेतिकडे बघत होते. "आई, सोड ते, इथे लोक लगेच बोलतात." तिने सोडलं, पण हात मात्र पानांवरून फिरवत राहिली. "केवढा मका गं! इतका कोण खातं?"

"माणसं नाही खात. थोडा गुरांना, बाकी गॅसला."

"गॅसला?"

"हो. उभं झाड कणसासकट चिरतात, आंबवतात, त्याचा गॅस करतात. त्यावर वीज."

आई बांधावरच उभी राहिली. चिडली होती ती. तीन आठवड्यांत मी तिला पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी येईपर्यंत ती बोलत होती. मक्याची भाकरी कशी तव्याला चिकटते, कोवळ्या कणसाचे वडे कसे करायचे, कीस कसा परतायचा, गिरणीवाला मका दळताना कसा कुरकुरायचा. घरी आल्यावर मी तडक मावशीला फोन लावला.

मावशी म्हणाली, "अगं, मग तिला कण्या करून घाल! लहानपणी माझ्या वाटणीच्या पण ओरपायची ती."

कण्या म्हटलं की माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना तांदळाच्या कण्या आठवतात. आमच्याकडे कण्या म्हणजे मक्याच्या. मका भरडायचा, पीठ चाळून काढायचं, कोंडा पाखडायचा, उरलेला जाड रवा आंबट ताकात रटरटा शिजवायचा. वर कच्चं तेल, शेजारी ठेचा आणि फोडलेला कांदा. आम्ही घरी आठवड्यातून तीनदा खायचो आणि शाळेत कोणी विचारलं तर पोळीभाजी खाल्ली म्हणून सांगायचो. कण्या हे सांगण्यासारखं खाणं नव्हतं. पण ताप आला, परीक्षा बुडली, कोणी रागावलं की हटकून तेच हवं असायचं.

मग मी कण्यांच्या मागे लागले. पहिल्यांदा सुपरमार्केटमधून पोलेंटा नावाचा मक्याचा रवा आणला. पाकिटावर ‘तीन मिनिटं’ लिहिलं होतं, तिथेच शंका यायला हवी होती. आधीच शिजवून वाळवलेला रवा तो. ताकात पडला आणि त्याची खळ झाली, वह्यांना कव्हरं चिकटवावीत अशी. आई बघून म्हणाली, "हे काय केलंस गं?" आणि हसली. दुसऱ्यांदा पॉपकॉर्नचा मका आणून मिक्सरला लावला. तो मेला दगड निघाला. घरभर बंदूक चालल्यासारखा आवाज झाला आणि मिक्सरच्या भांड्याचं पातं फिरायचं थांबलं ते कायमचं. तिसऱ्यांदा कोणीतरी सांगितलं म्हणून श्टुटगार्टला एका आफ्रिकन दुकानात गेले. तिथे पोत्यात पांढरा भरडलेला मका होता. मुठीत घेतला आणि नाकाशी नेला. थेट आमच्या गिरणीतला भरडा. दुकानातल्या बाईने विचारलं, किती हवाय? मी म्हटलं, पाच किलो. परतताना एस-बानच्या लोकलमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

पिशवी उघडली आणि आईच बदलली. पदर खोचला. चाळणी माग, परात माग, सूप माग. सूप कुठून आणू? मग तिने ओव्हनचा पत्र्याचा ट्रे उचलला, बाल्कनीत उभी राहिली आणि असं झकास पाखडलं की सगळा कोंडा खालच्या मजल्यावरच्या फुलझाडांवर. मी म्हटलं, "अगं आई, तक्रार येईल!" ती म्हणाली, "येऊ दे, मी समजावते त्यांना." मराठीत समजावणार होती बहुतेक. इथलं बुटरमिल्श तिने चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "हे कसलं ताक? मिळमिळीत." दोन दिवस ते पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलं, तेव्हा कुठे तिच्या मनासारखं आंबलं.

शनिवारी सकाळी आम्ही कण्या केल्या. म्हणजे मी ढवळत होते आणि ती हुकूम सोडत होती. "हात थांबवू नकोस, ताक फाटेल. आच कमी कर. आता झाकण ठेव. अगं, लगेच काय उघडतेस?" वास सुटला तेव्हा तिने डोळे मिटले. मीही मिटले. त्या वासात आमची जुनी पडवी होती, बाबा होते, दप्तर होतं, सगळं होतं.

"मीठ बघ गं," ती म्हणाली.

"तू बघ ना, मला कळत नाही."

"तूच बघ."

मी चाखलं, मीठ घातलं, दोन वाट्या भरल्या. तेल सोडलं, ठेचा ठेवला. आईने आपली वाटी माझ्याकडे सरकवली. "तू खा. माझं पोट भरलंय."

सकाळपासून अर्धा कप चहा घेतला होता तिने. कशाने भरलं पोट? मी समजावलं, लाडीगोडी लावली, चमचा तिच्या तोंडाजवळ नेला. तिने मान फिरवली. "जड जातात आता." मी म्हटलं ठीक आहे, आज नाही तर उद्या. रविवारी पुन्हा केल्या. पुन्हा तेच. करायला पुढे, पाखडायला पुढे, वास घ्यायला पुढे, आणि वाटी समोर आली की पोट भरलेलं! गुरुवारी काटा चाळीस किलो चारशेवर थांबला. डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढच्या गुरुवारची वेळ स्वतःच्या हाताने लिहून दिली. येताना हिचे कपडे बॅगेत भरून आणा, म्हणाल्या.

त्या शनिवारी मी तिसऱ्यांदा कण्या केल्या. आईने मागे उभं राहून सगळं सांगितलं, वाटी घेतली आणि पुन्हा माझ्याकडे सरकवली. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी चाटू सिंकमध्ये फेकला.

"काय नाटक लावलंयस तू? मी गावभर मका शोधत फिरते, मिक्सर मोडला, आणि तू मला नुसतं राबवतेस? मरायचंय का तुला? बाबांच्या मागोमाग जायचंय? तसं सांग ना मग सरळ, मी तुझं तिकीट काढते!"

बोलले आणि जीभ चावली. पण सुटलं ते सुटलं. आई खुर्चीत बसली होती. रडली नाही. ओशाळली होती. तिला असं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, ओरडू नकोस," ती म्हणाली. "मी कण्या सोडल्यात."

"सोडल्यात म्हणजे?"

"देवासमोर पाणी सोडलं होतं. तू इकडे जर्मनीत, आखनला शिकायला निघालीस ना, त्या सकाळी. म्हटलं, पोरगी शिकून परत घरी येऊ दे, तोवर कण्या तोंडाला लावणार नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वर्षांचाच तर प्रश्न होता."

आखनला जाऊन मला अकरा वर्षं झाली.

मी मटकन खाली बसले, तिथेच, फरशीवर. आमच्याकडे बायका सोडतात असं, मला काय माहीत नव्हतं? मावशीने काशीला जाऊन फणस सोडला होता. फणस तिला आयुष्यात कधी पचला नव्हता, त्यावरून आम्ही तिची किती चेष्टा केली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून तेच बोलले, "मावशीसारखा फणस सोडायचास." आई म्हणाली, "कारलं नि फणस सोडून देवाला फसवायचंय का? आवडतं तेच सोडायचं असतं."

या अकरा वर्षांत मी सात वेळा घरी गेले. सातही वेळा पहिल्या दिवशी कण्या होत्या. आई समोर बसून वाढायची, ठेचा पुढे सरकवायची, अजून घे म्हणायची. मी फोनवर व्हिडिओ काढायचे, इथल्या मैत्रिणींना दाखवायला. आणि तिच्या ताटात काय आहे, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. एकदाही नाही. लाज वाटली, जमीन दुभंगावी इतकी.

"बाबांना माहीत होतं?"

"होतं की. दर दिवाळीला म्हणायचे, या वर्षी येईल बघ, मग तुला मी करून घालतो कण्या." ती थोडं हसली. "त्यांना चहासुद्धा येत नव्हता."

मग मी वकिली सुरू केली. भांडायला लागले की मला बरं सुचतं. मी म्हटलं, "मी दर एक-दोन वर्षांनी घरी येतेच ना? मग नवस फिटला." ती म्हणाली, "ते येणं पाहुण्यासारखं. परतीचं तिकीट घेऊन यायचीस." मी म्हटलं, "बरं, मग आता तू आलीस ना माझ्याकडे? हे माझं घर. आपण दोघी एका घरात आहोत. फिटला." ती म्हणाली, "घर कुठलं, ते देवाला माहीत आहे." मी म्हटलं, "शिक्षण संपलंच नाही असं समज, जर्मन अजून शिकतेच आहे." त्यावर ती मनापासून हसली, आणि वाटीला हात लावला नाही.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. परत जायचं नाही, हे माझं चार वर्षांपूर्वीच ठरलं होतं. कोणी अडवलं नव्हतं. मला इथे आवडतं. इथे मला कोणी विचारत नाही की लग्न का केलं नाहीस, इथलं काम मला जमतं, इथल्या थंडीची सवय झाली. पण आईने फोनवर विचारलं की मी म्हणायचे, "बघू गं, हे प्रोजेक्ट संपू दे." प्रोजेक्ट संपायची, दुसरी यायची. मला वाटायचं, या बोलण्याने कोणाचं काय बिघडतंय? तिला बरं वाटतं, मला सोपं जातं. त्या ‘बघू’वर एक बाई उपास करत बसली होती, हे मला कुठे माहीत होतं?

फरशीवर बसल्या बसल्या जिभेवर आलं होतं, येते गं पुढच्या वर्षी. सवयीचं वाक्य. पण तसं म्हटलं असतं तर ती पुढच्या वर्षापर्यंत थांबली असती. तिचा देव शब्दावर जेवू देणारा नव्हता, मी सामानासकट दारात उभी राहिल्याशिवाय घास घशाखाली उतरणार नव्हता. समोर कण्या निवत होत्या, वर साय धरायला लागली होती. आईचं मनगट टेबलावर होतं, बांगडी पार कोपरापर्यंत सरकत होती. आणि बॅग भरून आणा म्हणून सांगितलं होतं.

"आई," मी म्हटलं, "मी परत येणार नाहीये."

"यंदा?"

"नाही. कधीच नाही. मी इथेच राहणार आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. डॉक्टरीण बाई जर्मनमध्ये बोलायच्या तेव्हा बघायची तसं, हसऱ्या तोंडाने, आपल्याला कळलं नाही हे समोरच्याला कळू नये म्हणून. मग ते हसू हळूहळू गेलं. "कधी ठरवलंस?" तिने विचारलं. मी खरं सांगितलं, चार वर्षं झाली. "म्हणजे हे होते तेव्हाच," ती म्हणाली. मी हो म्हटलं. मला वाटलं, आता तरी रडेल, काहीतरी बोलेल, मला दोन शिव्या घालेल. घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

ती उठली, हात धुतले, परत येऊन बसली आणि वाटी पुढे ओढली.

"मग उगाच देवाला कशाला अडकवून ठेवायचं," ती म्हणाली. "त्याला तरी मोकळं करू."

आणि ती जेवायला लागली. पहिला घास बराच वेळ तोंडात ठेवला. "मीठ कमी आहे," म्हणाली. मी मीठ दिलं. तिने ठेचा कालवला, बोटांनी वाटी निपटली आणि ती माझ्यासमोर धरली. मी पुन्हा वाढलं. दुसरी वाटी पण तिने संपवली. सहा आठवडे मी हेच मागत होते, उठता बसता हेच, की हिने पोटभर खावं. आणि आता ती खात होती आणि मला ते बघवत नव्हतं. "बाई गं, थांब, नको खाऊस," असं ओरडावंसं वाटत होतं. मी ओट्याकडे तोंड करून पातेलं घासत राहिले, आणि ती मागून म्हणाली, "तळाची खरवड टाकू नकोस, मी संध्याकाळी घेते."

मग ती रोजच घ्यायला लागली. कण्यांनी भूक उघडली तशी जोडीला भाजी खायची, भात खायची, पोळी मागायची. गुरुवारी काटा एकेचाळीसवर आला, महिन्याने त्रेचाळीसवर. बॅग न्यावीच लागली नाही. घरी जेवताना ती शांतपणे बोलायची. गावच्या घराला भाडेकरू बघायला हवा म्हणायची, वरच्या माळ्यावरची माझी पुस्तकं शाळेला देऊन टाकते म्हणायची, माझी गादी अजून चांगली आहे, ती मावशीला हवी का विचारते म्हणायची. मी म्हणायचे, "घाई काय आहे?" ती म्हणायची, "घाई नाही गं. पण आता ठेवून तरी काय करायचं?"

परत जायच्या आधीच्या गुरुवारी डॉक्टरीण बाई खूश होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आईचा हात हातात घेतला. मग मला विचारलं, असं काय खाऊ घातलंत तुम्ही हिला? मी म्हटलं, मका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही फार चांगली काळजी घेतलीत. आईने नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणाल्या गं?" मी म्हटलं, "म्हणाल्या, वजन छान वाढलंय." चाळीस किलोची होती तेव्हा ती माझी वाट बघत होती.